मेंदूला मार लागल्यावर माणूस किती सावरणार, हे जनुकांवर ठरतं का?

कृष्णाकाठ | ३ ऑगस्ट, रात्री ११:४०

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २९. गेल्या डिसेंबरात रात्री कामावरून परत येताना कराडजवळ त्याची मोटरसायकल घसरली. हेल्मेट होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. डोकं आपटायच्या आधीच ते उडून पडलं. दवाखान्यात पोचला तेव्हा जीसीएस (शुद्धीची ३ ते १५ची मोजपट्टी) ६. उजव्या बाजूला रक्त साचलेलं, मेंदूला सूज. कवटीचा तुकडा काढून पोटाच्या कातडीखाली ठेवला आणि तीन महिन्यांनी परत बसवला. २३ दिवस आयसीयू, त्यातले १४ व्हेंटिलेटरवर. तिसऱ्या महिन्यात फिट आली, तेव्हापासून फिटचं औषध, फेनिटोइन, चालू आहे. मध्ये एकदा डोस वाढवला.

आज आठ महिने झाले. तो चालतो, बोलतो, सगळ्यांना ओळखतो. पण चहा करायला गेला की आधण ठेवतो, साखर घालतो आणि मग पातेल्याकडे बघत नुसता उभा राहतो. मी मागून "पूड" म्हटलं की लगेच घालतो. येतं सगळं, पण एका पायरीवरून पुढच्या पायरीवर त्याचा त्याला जाता येत नाही. दोन माणसं एकदम बोलली की चिडतो. गेल्या दीड महिन्यात चालही बिघडली आहे, झोकांड्या जातात, दिवसभर पेंगतो. परवा त्याची दाढी करून देताना मला दिसलं की कडेला बघितलं की त्याची बुबुळं थरथरतात.

आता मुद्दा. त्याच्या शेजारच्या खाटेवर त्याच्याच वयाचा एक मुलगा होता. दोघांचे स्कॅन जवळजवळ सारखे आहेत, असं तेव्हा कानावर आलं होतं. तो मुलगा चौथ्या महिन्यात कामावर गेला. आई रोज विचारते, "त्याला जमलं, मग आपल्यालाच का नाही?" आत्याने मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर उत्तर देऊन टाकलं: "वहिनी, तुमच्या वडिलांचं काय झालं होतं आठवतं ना? ते तुमच्याकडूनच आलंय." माझे आजोबा शेवटची सहा वर्षं कुणाला ओळखत नव्हते. त्या दिवसापासून आई धड जेवत नाही.

त्यातच एका प्रयोगशाळेचं पत्रक हातात आलं. थुंकीवरून जनुक चाचणी, मेंदू किती भरून येईल ते सांगणार, साडेअकरा हजार रुपये. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलंय, म्हणून स्वतःच वाचायला बसले. सगळीकडे एकच नाव येतं: एपीओई. १९व्या गुणसूत्रावरचं जनुक, त्याची तीन रूपं, २, ३ आणि ४. त्यापासून बनणारं प्रथिन मेंदूत पेशींना चरबी आणि कोलेस्टेरॉल पोचवतं, आणि मार बसल्यावर तुटलेली आवरणं बांधायला हेच सामान लागतं. या प्रथिनाच्या २९९ मण्यांच्या (अमिनो आम्लांच्या) माळेत फक्त ११२वा आणि १५८वा मणी बदलतो आणि त्यावरून २, ३, ४ ठरतं. अल्झायमरशी ज्याचं नाव जोडलं जातं ते हेच ४.

आणि मग ग्लासगोचा १९९७चा अभ्यास वाचला. डोक्याला मार लागलेले ९३ रुग्ण. ज्यांच्याकडे ४ होतं अशा ३० पैकी १७ जण सहा महिन्यांनी एकतर गेलेले, नाहीतर परावलंबी. ५७ टक्के. ज्यांच्याकडे नव्हतं त्या ६३ मध्ये असे १६. २५ टक्के.

ते वाचल्यावर मी उठून त्याच्या खोलीत गेले आणि तो झोपलेला असताना नुसती बघत बसले.

वडिलांचं म्हणणं असं की पैसे थोडेच उरलेत, चाचणीत उत्तर मिळत असेल तर घेऊ, आणि ४ निघालं तर फिजिओ आणि ओटीवर (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं पुन्हा शिकवतात ती) महिन्याला जे जातात त्याचा विचार करू. मला हे पटत नाही, पण त्यांना समजावून सांगण्याइतकं मला कळतही नाही. जाणकारांनी सांगा.

---

टाकादोरा | ४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

ताई, मी न्यूरोसर्जरीत काम करतो. जनुकांचं नंतर बघू. आधी एक सांगा, फेनिटोइनची रक्तातली पातळी शेवटची कधी तपासली?

झोकांड्या, दिवसाची पेंग आणि कडेला बघताना बुबुळांची थरथर ही तीन लक्षणं फेनिटोइन घेणाऱ्या माणसात एकत्र दिसली की पहिला संशय औषध जास्त झाल्याचा घ्यायचा. या औषधाची गंमत नाही, धोका आहे: एका मर्यादेपर्यंत शरीर ते नीट फोडतं, त्यापुढे डोस थोडासा वाढवला तरी रक्तातली पातळी एकदम चढते. साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही ठीक मानली जाते. गोळी स्वतःहून बंद करू नका, फिट येईल. आज तुमच्या डॉक्टरांना फोन करा, ही तीन लक्षणं याच शब्दांत सांगा आणि पातळी तपासून हवी म्हणा.

बाकीचं ओपीडी संपल्यावर लिहितो.

---

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, सकाळी ६:५०

पातळी तपासल्याचं आठवत नाही. फाइल पुन्हा चाळली, कुठे कागद नाही. नऊ वाजता फोन करते. आम्ही सगळे धरून चाललो होतो की हे मेंदूचंच आहे आणि ते आता वाढतंय.

---

टाकादोरा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

आता "स्कॅन सारखे" याबद्दल.

दोन स्कॅन सारखे दिसले म्हणजे दोन मेंदूंना सारखा मार लागला असं होत नाही. सीटीवर रक्त दिसतं, सूज दिसते, कवटीची तड दिसते. डोकं गर्रकन फिरल्याने आतले लांब धागे ताणले जातात, तुटतात, ते सीटीवर बहुतेक वेळा दिसतच नाहीत. एमआरआयवर थोडे दिसतात, सगळे नाहीत. तुमचा भाऊ आणि तो मुलगा यांच्यात इथेच फरक असू शकतो.

दुसरं, मार बसल्यानंतरचे पहिले तास. रस्त्यावर पडलेल्या माणसाला श्वास नीट मिळाला का, रक्तदाब टिकला का. अमेरिकेतल्या रुग्णनोंदींवरून १९९३ मध्येच दिसलं होतं की मेंदूला गंभीर मार लागलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब एकदा जरी ९०च्या खाली गेला तरी मृत्यूचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. भावाला उचलायला किती वेळ लागला, वाटेत ऑक्सिजन होता का, हे कुणाला आठवतं का? शेजारच्या मुलाचं काय होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं मला कुठल्याही थुंकीच्या चाचणीपेक्षा जास्त सांगतील.

आम्ही घरच्यांशी बोलताना ज्या गणितावर टेकतो त्यात वय, हातापायांच्या हालचालीचे गुण आणि डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला आकसतात का, हे तीन खांब आहेत. त्यावर स्कॅन, साखर, हिमोग्लोबिन. जनुक त्यात नाही. आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार लागते: डोक्याला मार लागलेल्या १०,००८ रुग्णांवरच्या 'क्रॅश' नावाच्या औषध-चाचणीतून २००८ मध्ये जे गणित बनलं त्यात श्रीमंत देशांसाठी एक सूत्र आणि गरीब-मध्यम देशांसाठी दुसरं सूत्र करावं लागलं. तोच मार, तेच वय, पण देश बदलला की निकाल बदलतो. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. ही माणसं आणि त्यांच्यामागे जिवंत राहिलेले, यांचं नशीब १९व्या गुणसूत्रावर शोधायच्या आधी रस्त्यावर, रुग्णवाहिकेत आणि घरी सोडल्यानंतरच्या वर्षात शोधायला हवं.

---

आकडेमोड | ४ ऑगस्ट, रात्री ९:०५

संख्याशास्त्र हा माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे ५७ आणि २५ वाचून झोप उडालेल्या माणसाला उत्तर देणं मला माझं कामच वाटतं.

कृष्णाकाठ, तुम्ही वाचलेला अभ्यास खरा आहे, चांगल्या माणसांनी केलेला आहे. भावाच्या कागदावर जो ६ लिहिला होता, ती मोजपट्टी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये बनवली. तेच ग्रॅहम टीसडेल १९९७च्या या अभ्यासात आहेत. पण त्यांची गोष्ट तिथे संपत नाही. तुम्ही अर्धीच वाचलीत आणि नेमकी भीतीची अर्धी वाचलीत.

त्याच चमूने पुढे मोठा अभ्यास केला, तो २००५ मध्ये आला. या वेळी ९३ नाही, जवळपास हजार रुग्ण. सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत असलेले: ४ असलेल्यांत ३६ टक्के, नसलेल्यांत ३३ टक्के. ५७ विरुद्ध २५ होतं, ते ३६ विरुद्ध ३३ झालं. मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो. स्वतःचाच गाजलेला निकाल दहापट माणसं घेऊन पुन्हा तपासायचा आणि तो टिकला नाही तर तसं छापायचं, हे सगळे करत नाहीत.

असं का होतं? ३० माणसांच्या गटात पाच जण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी १७ने हलते. छोट्या अभ्यासांतले जे निकाल चमकदार निघतात तेच गाजतात, आणि चमकदार निघण्यात नशिबाचा वाटा असतोच. माणसं वाढवली की तो वाटा झडतो.

त्यानंतर २०२२ मध्ये, युरोप-अमेरिकेतले मोठे गट एकत्र करून ५,२६८ रुग्णांचा संपूर्ण जनुकसंच चाळला गेला. एका जनुकावर डोळा ठेवून नाही, सगळीकडे जाळं टाकून. दोन गोष्टी निघाल्या आणि दोन्ही एकत्र धरायला हव्यात. एक: माणसामाणसांच्या सावरण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा, ०.२६, जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो असा अंदाज. म्हणजे जनुकांचा संबंध आहे. दोन: "हे ते जनुक" म्हणून बोट ठेवावं अशी एकही जागा कडक कसोटीला उतरली नाही. एपीओईसुद्धा नाही. तो चौथा हिस्सा कित्येक बारीकसारीक जागांत वाटला गेलेला असावा, आणि त्या जागा अजून सापडलेल्या नाहीत.

आणि कृपया २६ टक्क्यांचा अर्थ "माझ्या भावाचं २६ टक्के भवितव्य ठरलेलं" असा घेऊ नका. तो आकडा हजारो माणसांच्या एकमेकांतल्या फरकाबद्दल आहे. एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही. हाच अभ्यास आपल्याकडे केला, जिथे कुणाला दहा मिनिटांत रुग्णवाहिका मिळते आणि कुणाला दोन तासांनी टेम्पोत घालतात, तर हा आकडाही वेगळा निघेल, कारण बाकीचा फरकच इतका मोठा आहे. शिवाय त्या गटात बहुतांश माणसं युरोपीय वंशाची होती. आपल्याकडे ४चं प्रमाण मुळात कमी आढळलंय. हरियाणातल्या बल्लभगढ आणि अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया अशा जोड-अभ्यासात ०.०७ विरुद्ध ०.११ असं निघालं होतं. तिकडचं गणित इकडे छापून साडेअकरा हजाराला विकणं मला पटत नाही.

---

उंबरठा | ४ ऑगस्ट, रात्री १०:२०

२००५चा अभ्यास मीही शोधून वाचला. त्यात असंही लिहिलंय की मुलं आणि तरुण यांच्यात ४चा परिणाम दिसतो. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, गच्चीवरून पडला होता. हे का नाही लिहिलंत? कृष्णाकाठचा भाऊही तरुणच आहे ना?

---

आकडेमोड | ४ ऑगस्ट, रात्री १०:५५

बरोबर आहे, लिहायला हवं होतं. चुकलो.

हो, त्या अभ्यासात वय आणि ४ यांचं एकमेकांशी नातं दिसलं. एकूण गटात फरक नाही, पण लहान आणि तरुणांत ४ असलेल्यांचं चांगलं सावरण्याचं प्रमाण कमी, आणि वय वाढेल तसा तो फरक विरत जातो. त्यांनी ते प्रामाणिकपणे मांडलंय. नंतरच्या काही एकत्रित विश्लेषणांतही ४चा थोडा परिणाम दिसतो, म्हणून मी "शून्य" म्हणत नाही. पण एका मोठ्या गटाचे तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात काहीतरी दिसतं, हा धोका नेहमी असतो, आणि २०२२च्या मोठ्या चाळणीत एपीओई वर आलं नाही.

तुमच्या मुलासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. ४ आहे म्हणून त्याला वेगळं औषध देतात का? नाही. वेगळे व्यायाम? नाही. शाळेत वेगळी मदत? ती त्याच्याकडे बघून ठरते, जनुकाकडे बघून नाही. मुलगा आता कसा आहे?

---

उंबरठा | ४ ऑगस्ट, रात्री ११:१०

शाळेत जातो. वाचतो छान. गणितात मधली पायरी गाळतो. कृष्णाकाठने चहाचं लिहिलंय ना, अगदी तसंच.

---

पारिजात | ५ ऑगस्ट, दुपारी १:१५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. "चांगलं जनुक, वाईट जनुक" ही भाषा किती फसवी आहे याचं एक उदाहरण देते.

बीडीएनएफ नावाचं प्रथिन चेतापेशींचं खत आहे असं समजा. नवीन जोडण्या व्हायला, टिकायला ते लागतं. जनुकातल्या फरकामुळे त्याच्या माळेत ६६व्या जागी काहींना व्हॅलिन नावाचा मणी असतो, काहींना मेथिओनिन. मेथिओनिन असलं की पेशीतून हे खत गरजेच्या वेळी कमी सुटतं, आणि निरोगी माणसांत स्मरणशक्तीच्या काही चाचण्यांत अशी माणसं थोडी मागे पडलेली दिसली. म्हणजे पत्रकवाले याला "वाईट" रकान्यात टाकणार.

आता अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचा एक दीर्घ अभ्यास चालला. मेंदूत गोळीचे, बॉम्बचे तुकडे घुसलेली ही माणसं. या अभ्यासाचं मोल असं की सैन्यात भरती होताना सगळ्यांची बुद्धिचाचणी झालेली होती, म्हणजे माराच्या आधी माणूस कसा होता याची नोंद हाताशी होती. आपल्याला हे कधीच मिळत नाही. त्यांची जनुकं तपासली तर २०११ मध्ये निघालं उलटंच: मेथिओनिनवाले सैनिक नियोजन, एका कामावरून दुसऱ्यावर जाणं, अशा कामांत जास्त चांगले सावरलेले. निरोगी मेंदूत जे उणं, तेच फाटलेल्या मेंदूत अधिक ठरलं.

त्याच सैनिकांत सर्वांत भरवशाचा अंदाज कशाने आला सांगू? माराच्या आधीच्या बुद्धिचाचणीने. आधी जितकं साठवलेलं, तितकं नंतर हाताशी राहिलं. कृष्णाकाठ, भाऊ आधी काय करायचा? कशात रमायचा?

---

कृष्णाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री ८:३०

लेथवर होता. टर्नर. ड्रॉइंग बघून जॉब काढायचा. घरी बसल्या बसल्या कागदावर मापं टाकायचा. आता ड्रॉइंग समोर ठेवलं की बराच वेळ बघतो, बोट फिरवतो, आणि बाजूला सारतो.

रक्त दिलंय. रिपोर्ट उद्या.

---

वंशवेल | ६ ऑगस्ट, सकाळी १०:००

मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते. वरची चर्चा वाचून कुणाचा असा समज होऊ नये की जनुक चाचणी म्हणजे निव्वळ लूट. जिथे गरज असते तिथे ती जीव वाचवते, म्हणून दोन ठिकाणं सांगते.

एक फार दुर्मिळ. सीएसीएनए१ए नावाचं जनुक, योगायोगाने हेही १९व्याच गुणसूत्रावर. चेतापेशीत कॅल्शियम आत घेणारा दरवाजा त्यापासून बनतो. त्यातल्या एका विशिष्ट बदलात, २१८व्या जागी, दरवाजा फार सहज उघडतो. अशा घरांत अर्धशिशीबरोबर एका बाजूचा हात-पाय लुळा पडण्याचे झटके असतात. आणि डोक्याला अगदी किरकोळ धक्का बसला, मूल खेळताना पडलं, काही वेळ हसत-बोलत होतं, आणि मग मेंदूला प्रचंड सूज येऊन बेशुद्ध झालं, असं घडतं. २००१ मध्ये यावरचा निबंध आला. ज्या घरात "थोडंसं लागलं आणि कोमात गेला" असं एकापेक्षा जास्त वेळा घडलंय, त्यांनी न्यूरोलॉजिस्टला ते आवर्जून सांगावं.

दुसरं नेहमीच्या उपयोगाचं, फिटच्या औषधांचं. टाकादोरा यांनी फेनिटोइनचं लिहिलंच. ते फोडणारं यकृतातलं विकर सीवायपी२सी९. काही माणसांत त्याचं मंद रूप असतं, मग नेहमीचाच डोस त्यांना जास्त होतो. आणि कार्बामाझेपिन: एचएलए-बी या जनुकाचं १५:०२ हे रूप असलेल्यांना त्याने सगळी कातडी सोलून निघण्यासारखी भयंकर प्रतिक्रिया येऊ शकते. तैवानमधल्या २००४च्या अभ्यासात अशी प्रतिक्रिया आलेल्या ४४ पैकी ४४ जणांकडे हे रूप होतं. असा निकाल हातात आला तर डॉक्टर औषध बदलतात. चाचणीचा उपयोग असा दिसायला हवा: उत्तर हो आलं तर हे करू, नाही आलं तर ते करू. एपीओईच्या निकालाने तुमच्या भावाच्या उपचारात काय बदलणार, हे त्या पत्रकवाल्यांना विचारा.

काय बदलणार ते मी सांगते: तुमच्या घरात बदल होईल. भावाकडे ४ निघालं तर ते आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडे तरी आहे, आणि तुमच्याकडेही असण्याची शक्यता उभी राहते. तेही मार लागल्याबद्दल नाही, म्हातारपणच्या अल्झायमरबद्दल. डीएनएची दुहेरी साखळी उलगडणाऱ्यांतले एक जेम्स वॉटसन, त्यांनी आपला सगळा जनुकसंच जगापुढे ठेवला, पण एपीओईचा निकाल मात्र झाकायला सांगितला. ज्याला हे शास्त्र सगळ्यांत जास्त कळत होतं त्यालाही ते जाणून घ्यायचं नव्हतं. आणि विमा: २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजार सरसकट वगळणं हा भेदभाव ठरवला, पण जनुकीय माहितीसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

आता आईंसाठी. आजोबांना विस्मरण झालं म्हणजे ४ होतंच असं नाही; ४ नसलेल्या असंख्य लोकांना अल्झायमर होतो आणि ४ असलेल्या कित्येकांना होत नाही. आईंकडे त्याची एक प्रत असली तरी ते मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. गेलं असलं तरी त्याचा परिणाम ३६ आणि ३३ एवढा. आणि आत्याबाईंच्या घराण्यातूनही प्रत्येक जनुकाची एक प्रत आलेलीच आहे. आईंना हे वाचून दाखवा. नाही पटलं तर मला निरोप करा, मी फोनवर बोलेन.

---

हातमाग | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

ऑक्युपेशनल थेरपिस्ट. फक्त चहाबद्दल बोलते.

मागून "पूड" म्हणणं बंद करा. तुम्ही म्हणता तेव्हा पुढची पायरी तुमच्या डोक्यातून येते, त्याच्या नाही. त्याऐवजी ओट्यामागच्या टाइल्सवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच चित्रं चिकटवा: पाणी, साखर, पूड, दूध, गॅस बंद. प्रत्येक चित्राखाली एक कपड्याचा चिमटा. पायरी झाली की चिमटा काढून वाटीत टाकायचा. अडकला की तुम्ही बोलायचं नाही, फक्त चित्रांकडे बोट. दोन आठवड्यांनी बोटही नाही. चूक व्हायच्या आधी थांबवा. या मेंदूला चुकीची वाटही तितकीच पाठ होते. रोज एकाच वेळी, रेडिओ बंद, स्वयंपाकघरात दुसरं कुणी नाही.

ज्याने लेथवर काम केलंय त्याला क्रमाने काम करायची सवय हातात आहे. ती गेली नाही, तिला आधार हवाय. ड्रॉइंग पूर्ण देऊ नका. एकच माप असलेला कागद द्या.

उंबरठा, मुलाला गणिताच्या पायऱ्यांसाठीही हेच करून बघा, वहीच्या समासात रकाने आखून.

---

रानवाट | ८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

मी स्वतः रुग्ण. २०१८ला अपघात. पहिल्या वर्षी घरच्यांना सांगितलं होतं की जे यायचं ते सहा महिन्यांत येईल. मला मोबाइलवरचा निरोप वाचून तो लक्षात ठेवता यायला तिसरं वर्ष लागलं. पाचव्या वर्षी एसटीने एकटा गावाला गेलो. अजूनही गर्दीत डोकं भणभणतं. फिजिओ थांबवू नका एवढंच सांगायला लॉगिन केलं.

---

कृष्णाकाठ | ३० ऑगस्ट, रात्री १०:१५

सगळ्यांना एकत्रच लिहिते, राग मानू नका.

फेनिटोइनची पातळी ३४ निघाली. डॉक्टरांनी दोन दिवस औषध थांबवून डोस कमी केला, आठवड्याने पुन्हा तपासली, १७. "जनुकामुळे असेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, असेलही, पण पातळी बघून डोस बसवता येतो, त्यासाठी वेगळी चाचणी नको. दहाव्या दिवशी तो भिंतीला हात न लावता मोरीपर्यंत गेला. बुबुळांची थरथर थांबली. दिवसाचं पेंगणं गेलं आणि आम्हाला कळलं की ज्याला आम्ही मेंदू खालावतोय म्हणत होतो त्यातलं बरंचसं गोळीचं होतं. टाकादोरा, तुम्हाला काय म्हणू कळत नाही.

थुंकीची चाचणी केली नाही. वडिलांना मी आकडेमोड यांचं लिहिणं मोठ्याने वाचून दाखवलं. ५७ आणि २५, मग ३६ आणि ३३. त्यांनी पाटीवर लिहावं तसं बोटाने चादरीवर चारही आकडे लिहिले, थोडा वेळ गप्प बसले, आणि म्हणाले, "मग ओटी आठवड्यातून दोनदाची तीनदा करता येईल का बघ."

आई वंशवेल ताईंशी पाऊण तास बोलली, आतल्या खोलीत, दार लावून. बाहेर आल्यावर तिने आधी ताट वाढून घेतलं. आत्याला तिने स्वतः फोन केला, काय बोलली ते मला सांगितलं नाही.

चिमटे तीन आठवडे लावलेत. पहिल्या आठवड्यात पाचपैकी दोन वेळा दुधाशी अडकायचा. काल गॅस बंद करायचा चिमटा काढला, वाटीत टाकला, आणि मग मागे वळून मला म्हणाला, "ताई, दुधाचं चित्र साखरेच्या आधी लाव. मी आधी असाच करायचो." मी त्याचा अपघाताच्या आधीचा चहा आठवायचा प्रयत्न केला. खरंच, तो दूध आधी घालायचा. आम्ही चित्रं माझ्या पद्धतीने लावली होती.

आज सकाळी त्याच्या क्रमाने लावली. एकदाही थांबला नाही.